मुलांच्या वह्यांतला इतिहास : पुरावा म्हणून किती भरवशाचा?

सहावी-सातवीच्या वर्गाला ‘परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीची मुलाखत घ्या’ असा प्रकल्प देणे आता काही नवीन राहिलेले नाही. बालभारतीच्या सातवीच्या २०१७ सालच्या इतिहासाच्या पुस्तकात साधनांची भौतिक, लिखित आणि मौखिक अशी विभागणी केलेली आहे. मौखिक साधनांत प्रामुख्याने ओव्या, पोवाडे, लोककथा यांचा समावेश होतो. उत्साही शिक्षक तेवढ्यावर न थांबता मुलांना वही-पेन्सिल देऊन घरोघर पाठवतात. वह्या जमा होतात, कव्हरे घातलेल्या, समासाला रंगीत रेघ मारलेल्या. त्यांना गुण मिळतात आणि पुढच्या जूनपर्यंत त्या बहुधा रद्दीत गेलेल्या असतात. त्या रद्दीत जाव्यात की जपाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या शिक्षकांचा आहे. पण मुळात तो पुराव्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांनाही तो सोडता येणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने विचारून लिहून आणलेली माहिती कितपत खरी मानायची? आणि ती अधिक खरी व्हावी म्हणून काय करायचे?

या प्रश्नाचा विचार करायला एक जुना आणि प्रचंड प्रयोग हाताशी आहे. तो आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात झाला. लोकपरंपरेच्या संकलनासाठी तिथल्या सरकारने १९३५ मध्ये ‘आयरिश फोकलोअर कमिशन’ स्थापन केले होते. संकलक मोजके आणि म्हातारी माणसे तर दरवर्षी जात होती. तेव्हा कमिशनने शिक्षण खात्याच्या मदतीने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना कामाला लावले. साधारण ११ ते १४ वर्षांची मुले, सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० च्या आसपास विद्यार्थी. निबंधाच्या तासाला नेहमीच्या विषयांऐवजी मुलांनी आईवडील, आजीआजोबा, शेजारीपाजारी यांना विचारून आणलेली माहिती लिहायची. विषय ठरवून दिलेले होते. कमिशनचे शॉन ओ सूलिवॉन यांनी शिक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली, तीत ५५ शीर्षके आणि प्रत्येकाखाली काही सूचक प्रश्न होते. या खटाटोपातून सुमारे ७,४०,००० पाने जमा झाली. आज हा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहे, त्याच्या पानांची छायाचित्रे इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात, आणि कमिशनचा १९३५ ते १९७० चा संपूर्ण संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत नोंदला गेला आहे.

एवढे मानमरातब मिळालेल्या कामाविषयी सहसा कौतुकानेच लिहिले जाते. कौतुक करण्यासारखे त्यात खरोखर पुष्कळ आहे. विषयांची यादीच पाहा. गुप्तधन, संतांच्या गोष्टी, परीकथा हे तर अपेक्षितच. पण त्याबरोबर लोहाराची भट्टी, लोणी काढणे, घरी केलेली खेळणी, बटाट्याचे पीक, जुन्या शाळा आणि चक्क ‘पायांची निगा’ हाही एक विषय आहे. मुले कोणत्या वयापर्यंत अनवाणी हिंडत, पहिला बूट कधी मिळाला, पाय धुतलेले पाणी रात्री घरात का ठेवू नये, हे कोणत्या दप्तरात सापडणार? सरकारी अहवालात बुटांच्या आयातीचा आकडा मिळेल, बुटांशिवायचे बालपण मिळणार नाही. ही शीर्षके निवडणाऱ्याची नजर दाद देण्याजोगी होती, यात शंका नाही.

तरीही हा संग्रह पुरावा म्हणून वाचायला बसले की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण पुस्तिकेतच आहे. प्रश्न वरून आले होते. मुलाने शेजारच्या आजोबांना काय विचारले ते बहुतेक पानांवर लिहिलेले नाही. फक्त उत्तराचा निबंध आहे. पण एकाच शीर्षकाखालचे दहा-वीस शाळांतले निबंध ओळीने वाचले की सुरुवातीची वाक्ये एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसू लागतात, आणि तो साचा पुस्तिकेतल्या प्रश्नांचा असतो. ‘दुष्काळाचा या भागाला फार फटका बसला होता का?’ अशा धर्तीच्या प्रश्नाला ‘दुष्काळाचा आमच्या भागाला फार फटका बसला होता’ हे उत्तर. यात आजोबांची आठवण किती आणि प्रश्नाचा प्रतिध्वनी किती, हे वेगळे करणे अवघड आहे.

प्रश्नाच्या शब्दांनी आठवण बदलते, हे पुढे प्रयोगाने दाखवलेही गेले. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांच्या वेगाचा अंदाज विचारला. काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारले, तर काहींना ‘एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हा’ असे. पहिल्या गटाचा अंदाज सरासरी ताशी ३४ मैल आला, दुसऱ्याचा जवळजवळ ४१ मैल. बदलला होता तो फक्त एक क्रियाशब्द. दुसऱ्या एका प्रयोगात अशाच गटांना आठवड्याने विचारले, ‘फुटलेली काच पाहिली का?’ चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘चुरडल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी फक्त ७ जणांनी. ही आठवडाभरापूर्वीची, तरुण मुलांची आठवण. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी विचारताना आपला शब्द काय काय करीत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तापमान लिहिताना कोणता तापमापक वापरला ते आपण प्रयोगवहीत लिहायला लावतो. मुलाखतीत प्रश्न हाच तापमापक असतो. तो न लिहिता केवळ उत्तर लिहिणे म्हणजे साहित्य व कृती गाळून निष्कर्ष लिहिणे होय, आणि विज्ञानाच्या वहीत आपण ते खपवून घेत नाही.

दुसरी अडचण काळाच्या अंतराची. बटाट्यावरील करप्यामुळे १८४५ पासून पडलेल्या आयर्लंडच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि आणखी तितकीच देशोधडीला लागली. ‘दुष्काळाचा काळ’ या शीर्षकाखाली मुलांनी लिहिलेली पाने वाचताना अंगावर काटा येतो. पण एक साधी वजाबाकी करून पाहू. १९३८ मध्ये ८० वर्षांचा असलेला माणूस १८५८ चा. नव्वदीचा धरला तरी जन्म १८४८ चा. म्हणजे या पानांवरचे जवळजवळ कोणीही तो दुष्काळ समजत्या वयात पाहिलेला नाही. हे आईवडिलांकडून ऐकलेले, साठ-सत्तर वर्षे पुन्हा पुन्हा सांगून घासलेले कथन आहे. आफ्रिकेतल्या मौखिक परंपरांचे अभ्यासक यान व्हॅन्सिना या दोहोंत स्पष्ट फरक करीत: निवेदकाच्या स्वतःच्या आयुष्यातले ते मौखिक इतिहासाचे साहित्य, पिढ्यांमागून आलेले ते मौखिक परंपरेचे. दोन्ही मोलाची आहेत, पण त्यांची परीक्षा वेगवेगळी आहे. आयरिश संग्रहात निवेदकाचे नाव, गाव, कधी वयही आढळते. ‘तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले?’ या एका प्रश्नाचे उत्तर मात्र वाचणाऱ्याला स्वतःच गणित करून काढावे लागते.

वयाचा विषय निघालाच आहे तर याच देशातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सक्तीची नोंद १८६४ मध्ये सुरू झाली. १९०९ पासून ७० वर्षांवरील गरीब वृद्धांना पेन्शन मिळू लागले, तेव्हा जन्माचा दाखला कोणाकडेच नव्हता. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री त्या बेटावर भयंकर वादळ झाले होते. ते वादळ आठवते असे सांगणे हा वयाचा पुरावा ठरू लागला. साहजिकच ते आठवणाऱ्यांची संख्या फुगली, आणि जनगणनेवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले! आठवण सांगण्यामागे सांगणाऱ्याचे काही काम असू शकते, हे मुलांना समजावून द्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. आपल्याकडेही ‘पानशेतच्या पुराच्या वेळी मी पाळण्यात होतो’, ‘कोयनेचा भूकंप झाला त्या साली लग्न झाले’ अशी वये मोजली जातात. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. मुलांनी अशा खुणा घटनांच्या पक्क्या तारखांशी ताडून पाहिल्या की मुलाखतीतला अर्धा कालक्रम आपोआप सरळ होतो.

तिसरी गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांना अधिक जवळची आहे. ‘घरगुती उपाय’ आणि ‘हवामानाचे ठोकताळे’ या शीर्षकांखाली मुलांनी ढीगभर माहिती आणली. चामखिळीवरचेच इतके उपाय आहेत की मोजता मोजता थकायला होते: दगडाच्या खळग्यात साचलेले पाणी, रानफुलाचा चीक, अमुक वस्तू चोळून ती पुरून टाकणे. प्रत्येकाला हमखास गुण येतो असे सांगणारा भेटलेला आहे. कारण उघड आहे. मुलांच्या अंगावरची बहुतेक चामखीळ काही महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत आपली आपण जाते. त्या दरम्यान जे केले ते औषध ठरते. या वह्यांवरून ‘लोक काय करीत’ हे भरवशाने सांगता येते, ‘त्याने काय होई’ हे सांगता येत नाही. हा भेद मुलांच्या मनात उतरला तर एका प्रकल्पात पुष्कळ साधले असे म्हणेन. उलट बाजूही आहे. पाकोळ्या खाली उडू लागल्या की पाऊस येतो, हा ठोकताळा मुलांना स्वतः नोंदी ठेवून तपासता येतो. आयर्लंडच्या योजनेत ते सुचवलेले नव्हते. माहिती जमवायची, तपासायची नाही, अशीच तिची धारणा होती, आणि हा दोष मला मोठा वाटतो. मुले तिथे टिपून घेणारे हात झाली. शोध घेणारी डोकी व्हायची राहून गेली.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे कोणाला विचारले गेले. ५५ शीर्षकांत ‘फिरस्ते लोक’ असे एक आहे. कल्हईची, भांडी दुरुस्तीची कामे करीत गावोगाव हिंडणाऱ्या कुटुंबांविषयीचे. त्यांच्याबद्दल पानेच्या पाने आहेत: ते कधी येतात, कुठे उतरतात, काय विकतात, काय मागतात. ही सगळी माहिती घरात राहणाऱ्यांनी दिलेली. फिरस्त्यांनाच जाऊन ‘तुम्हांला आमचे गाव कसे वाटते’ असे मुलांनी विचारावे, अशी योजना नव्हती. मूल आपल्या आळीतच विचारते, हे स्वाभाविक आहे. पण मग वहीत आळीचाच इतिहास येतो आणि शीर्षकात गावाचा लिहिला जातो. हे आपल्याकडे तर दुप्पट लागू आहे. बहात्तरच्या दुष्काळात पिण्याचे पाणी कुठून आणायचात, हा एकच प्रश्न गावठाणात विचारा, दलित वस्तीत विचारा, आणि त्या वर्षी गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या एखाद्या वडार कुटुंबाला विचारा. विहिरी वेगळ्या निघतील, रांगा वेगळ्या निघतील. एकच उत्तर घेऊन ‘सगळे गाव एक झाले होते’ असे लिहिणारी वही व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल, पण ती अपुरी आहे, आणि अपुरी असल्याचे तिच्यात कुठेच लिहिलेले नसते.

न विचारलेल्या गोष्टीही बोलक्या आहेत. १९३७ मध्ये आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध आणि पाठोपाठ झालेले यादवी युद्ध यांना जेमतेम पंधरा-अठरा वर्षे झाली होती. मुलांच्या आईवडिलांची ती ताजी, स्वतःची आठवण. पण यादीत त्यासाठी स्वतंत्र शीर्षक नाही. ‘स्थानिक घटना’ यासारख्या मथळ्याखाली काही आले तेवढेच. शंभर वर्षांपूर्वीचे वादळ विचारणे सोपे असते, शेजाऱ्यानेच शेजाऱ्यावर बंदूक उचलल्याचे विचारणे अवघड. बारा वर्षांच्या मुलाला त्या वाटेने पाठवावे का, याबद्दल मतभेद होऊ शकतात. मी स्वतः पाठवणार नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात घर गमावलेल्या माणसासमोर मुलाला प्रश्नावली देऊन बसवण्यापूर्वीही दहा वेळा विचार करावा, शिक्षकाने आधी स्वतः जाऊन त्या माणसाची इच्छा विचारावी. पण जे वगळले ते वगळले असे नमूद करायला काय हरकत होती?

इतके दोष काढल्यावर या योजनेची एक गोष्ट मात्र मला आजच्या आपल्या प्रकल्पांपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते. मुलांनी आधी आपापल्या साध्या वह्यांत लिहिले. त्यांतले निवडक लेखन शिक्षकांनी किंवा चांगल्या अक्षराच्या मुलांनी शाळेच्या अधिकृत मोठ्या वहीत उतरवले. त्यांचेच पुढे १,१२८ बांधीव खंड झाले. निवड आली म्हणजे गाळणी आली, सुधारणा आली. गुरुजींना पटलेले ते राहिले, विचित्र वाटलेले गेले असणार. पण कमिशनने मुलांच्या त्या मूळ वह्याही फेकल्या नाहीत. अशा सुमारे ४०,००० वह्या खोक्यांत भरून ठेवल्या. त्यामुळे आज एखाद्याला कच्चे आणि पक्के लेखन शेजारी ठेवून काय गळले ते पाहता येते. प्रयोगशाळेत कच्च्या नोंदी जपून ठेवतात त्याचेच हे रूप आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉक्सफायर’ या शालेय नियतकालिकाने पुढची पायरी गाठली. ती मुले थोडी मोठी, नववी-दहावीची. त्यांच्या हातात टेपरेकॉर्डर होता. डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्यांचे बोलणे त्यांनी त्यांच्याच बोलीत, शब्दशः उतरवले. लाकडी ओंडक्यांचे घर कसे बांधतात ते सांगणाऱ्याची भाषा व्याकरणाने तपासली नाही. १९७२ मध्ये निघालेल्या ‘द फॉक्सफायर बुक’च्या लाखो प्रती खपल्या त्या काही केवळ माहितीमुळे नव्हेत, पानावर माणूस बोलताना ऐकू येतो.

आपल्या वर्गात नेमके इथेच घोडे पेंड खाते. समजा, एका मुलीने आजीला बहात्तर सालाबद्दल विचारले. आजी म्हणाली, ‘खडी फोडाय जायचो, लेकरू झाडाखाली टाकून. सुकडी मिळायची. मिलूच्या भाकरी, लाल लाल, घशाखाली उतरत नव्हत्या.’ मुलीने वहीत लिहिले: ‘दुष्काळात लोकांना रोजगार व पौष्टिक आहार देण्यात आला. परदेशी ज्वारीचे वाटप झाले.’ बाईंनी शुद्धलेखन तपासून दहापैकी नऊ गुण दिले. या दोन मजकुरांतला दुसरा कोणत्याही सरकारी पत्रकात मिळेल. पहिल्यात झाडाखालचे लेकरू आहे, भाकरीचा रंग आहे, आणि मिलो या आयात ज्वारीचे गावाने केलेले नाव आहे. आजीला विचारायला गेलो होतो ते पहिल्यासाठी. पण शाळेत मुलीला आजवर जे शिकवले गेले, त्यानुसार तिने दुसरे लिहिले. तिचा यात काही दोष नाही.

प्रश्नही असेच तपासावे लागतात. ‘दुष्काळात तुमचे फार हाल झाले का?’ असे विचारले तर ‘फार हाल झाले बाळा’ याखेरीज काय उत्तर येणार? ‘त्या उन्हाळ्यात सकाळी उठल्यापासून काय काय करायचात?’ असे विचारले की खडी येते, हजेरीचा मुकादम येतो, पाझर तलावाचे काम येते, बैल विकल्याचे येते. मुलाने प्रश्न घरूनच लिहून न्यावेत, पण प्रत्यक्षात विचारलेला शब्द वहीत उत्तराच्या वर लिहावा. आजोबा मध्येच थांबले, विषय बदलला, ‘ते राहू दे’ म्हणाले, तर तेही कंसात लिहावे. खिशातल्या फोनवर आज ध्वनिमुद्रण सहज होते, मात्र त्यासाठी समोरच्याला आधी विचारायचे आणि ‘नको’ म्हटले तर फोन खिशातच ठेवायचा.

तिघांना तेच विचारले आणि तीन उत्तरे आली, की मुले गोंधळतात आणि ‘खरे कोणते?’ म्हणून शिक्षकांकडे येतात. अशा वेळी एक उत्तर निवडून देण्याचा मोह आवरला पाहिजे. इटलीतले अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादाच्या कारखान्याच्या गावात अशा एका चुकीचा माग काढला. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. पण गावातले अनेक जण सांगत की तो १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या दंगलीत मेला. कागदपत्रे स्पष्ट होती, लोक चुकत होते. पोर्तेल्लींनी ती चूक नुसती दुरुस्त केली नाही, ती का घडली हे विचारले. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या तो गावाच्या आयुष्यातला मोठा घाव. तिथे हा मृत्यू नेऊन ठेवला की त्याला अर्थ येत होता. आठवण चुकली आणि त्या चुकीनेच गावाला काय लागले होते ते सांगितले. अर्थात हे कळण्यासाठी खरी तारीख माहीत असावी लागते. म्हणून मुलाखतीबरोबर ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे जनरल रजिस्टर, जुने वर्तमानपत्र यांपैकी जे मिळेल ते मुलांना दाखवायचे. नाहीतर चूक चूक म्हणून ओळखूच येत नाही.

राहता राहिले गुण. अक्षर, कव्हर, चित्रे यांना गुण ठेवले तर मुले आजीचे बोलणे ‘शुद्ध’ करणारच. दहापैकी तीन गुण विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहिल्याबद्दल, तीन ‘पाहिलेले’ आणि ‘ऐकलेले’ वेगळे दाखवल्याबद्दल, दोन न जुळणारी उत्तरे लपवली नाहीत याबद्दल, आणि दोन आपल्या आळीबाहेरच्या निदान एका माणसाला विचारल्याबद्दल, अशी वाटणी करून पाहायला हरकत नाही. आणि कच्च्या वह्या जूनमध्ये रद्दीवाल्याला न देता शाळेच्या कपाटात, निवेदकाचे नाव, वय, तारीख घालून ठेवाव्यात. बहात्तर साली पंधरा वर्षांचे असलेले आज सत्तरीच्या आसपास आहेत.